माईक नंतर घ्या, आधी खुर्ची हलवा

तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. डोंबिवलीत दहा बाय दहाची खोली. आठ वर्षं अकूस्टिक गिटार. स्वतःच्या बारा-तेरा चाली तयार. दिवसा नोकरी. घरी रेकॉर्ड केलेली गिटार ‘डब्यातून वाजल्यासारखी’ येते, म्हणून चाळीस हजारांचा कंडेन्सर माईक घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. अंधेरीतल्या एका ओळखीच्या माणसानं दोन चाली ‘वन टाइम पेमेंट’वर मागितल्यात, त्या द्याव्यात का, हा दुसरा भाग. आणि अमेरिकेतल्या विल्यम ॲकरमनसारखं वादक, संगीतकार, रेकॉर्ड प्रोड्यूसर असं तिन्ही व्हायचं तर नोकरी कधी सोडायची, हा तिसरा.

मला यात एकच प्रश्न दिसतो. वादक आणि संगीतकार तुमच्या घरात आहेत, प्रोड्यूसर अजून आलेलाच नाही. खोली कशी वाजते, कुठला टेक ठेवायचा, कागदावर काय लिहिलंय आणि पैसे कधी येणार, ही सगळी त्याची कामं. तो जागेवर नसला की वादक माईक विकत घेतो आणि संगीतकार चाली विकून मोकळा होतो.

गिटार कुठली, खोलीची उंची किती, रेल्वेचे रूळ किती जवळ, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे खालचे आकडे तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील.

आधी खोली. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये हवा साधारण ५७ हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ११४ हर्ट्झच्या आसपास घुमते. तुमची लांबी आणि रुंदी सारखीच, म्हणजे हा घुमारा दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी जमा होतो. गिटारची पाचवी तार मोकळी वाजवली की ११० हर्ट्झ. वर गिटारच्या पेटीतल्या हवेचा स्वतःचा घुमारा मोठ्या आकाराच्या गिटारीत १०० च्या आसपास असतो. तिन्ही एकमेकांच्या खांद्यावर बसतात. म्हणून ए कॉर्ड वाजवली की रेकॉर्डिंग फुगतं आणि त्यानंतरची डी कॉर्ड अचानक बारीक वाटते. यात माईकचा काही दोष नाही. चाळीस हजारांचा माईक हाच फुगवटा जास्त स्वच्छ टिपेल, एवढंच.

गंमत अशी की बहुतेक जण खोलीच्या मधोमध खुर्ची टाकतात, कारण ‘भिंतींपासून लांब’ बरं वाटतं. पण ११४ हर्ट्झचा दाब नेमका मध्यावर आणि भिंतींलगत सर्वांत जास्त असतो. भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे तुमच्या खोलीत अडीच फुटांवर, तो जवळजवळ शून्य होतो. माईक एका भिंतीपासून अडीच ते तीन फूट आणि बाजूच्या भिंतीपासूनही तितकाच, असा ठेवून बघा. तपासायची पद्धत सोपी आहे. सहाव्या तारेपासून चौथ्या तारेपर्यंत एकेक पडदा (फ्रेट) चढत प्रत्येक स्वर सारख्या जोरानं वाजवा, रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. कुठला स्वर उडी मारतो ते लिहून ठेवा. खुर्ची आणि माईक फूटभर सरकवा, पुन्हा करा. चार-पाच जागा तपासायला तासभर लागतो आणि खर्च शून्य.

आता ‘डबा’. तो या घुमाऱ्यापेक्षा वेगळा आजार आहे. माईक गिटारपासून फूटभर अंतरावर, जमिनीपासून अडीच फुटांवर. तोच आवाज फरशीवर आपटून माईकपर्यंत पोहोचतो तेव्हा साधारण साडेतीन मिलिसेकंद उशीर झालेला असतो. मूळ आवाज आणि हा उशिराचा आवाज एकमेकांत मिसळले की काही पट्टे दुप्पट होतात, काही पुसले जातात. कानाला ते पत्र्याच्या डब्यासारखं लागतं. छत आणि भिंतीही हेच करतात. यावर लोक एक इंच जाडीचा फोम भिंतीला चिकटवतात. तो फक्त वरचा, चमकीचा भाग खातो आणि मधला भाग तसाच ठेवतो, म्हणजे डबा आणखी डबा होतो. अंड्याच्या ट्रेंबद्दल तर बोलायलाच नको.

बहुतेकांची इथेच चूक होते. साधा कार्डिऑइड माईक समोरून ऐकतो, मागून फारसं ऐकत नाही. माईकचं तोंड गिटारकडे, म्हणजेच तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे असतं. पण लोक फोम लावतात तो स्वतःच्या समोर, माईकच्या पाठीला. त्याऐवजी जाड गोधडी दुमडून तुमच्या पाठीमागे टांगा, भिंतीला चिकटवून नाही तर चार-सहा इंच पुढे, दांडीवर. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे आलं तर त्याहून उत्तम. टाइल्सवर सतरंजी आणि तिच्यावर कापसाची गादी. एवढ्यानं नव्वद टक्के लोकांचा डबा जातो. पुढे कधी पैसे खर्च करायचेच झाले तर दर घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) चार पॅनल, १०० मिमी जाड, लाकडी चौकटीत कापडानं गुंडाळून घ्या. माईकच्या पैशात ते होतात आणि उरतात.

बाहेरचा आवाज हा मुंबईतला वेगळाच विषय. लोकल रात्री दीडच्या सुमारास थांबतात आणि पहाटे चारच्या आसपास पुन्हा सुरू होतात. पण मध्य रेल्वेवर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या रात्रभर असतात. चाकांची घरघर खालच्या पट्ट्यात असते, ती ७० हर्ट्झच्या खाली फिल्टर लावला की जाते. त्याच्या वर जाऊ नका, सहावी तार ८२ हर्ट्झला आहे. भोंग्याला मात्र इलाज नाही, टेक पुन्हा घ्यायचा. पंखा बंदच हवा. नुसता वाऱ्याचा आवाज नाही, पाती गिटारचा आवाज कापतात आणि लांबलेल्या स्वराला थरथर येते. फ्रिज बंद करणार असाल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सकाळी पुन्हा चालू करायला विसरणार नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसतं आणि चार्जरमुळे गिटारच्या पिकअपमध्ये भुणभुण येते.

पावसाळ्यात रेकॉर्डिंग शक्यतो टाळा. पत्र्यावर वाजणारा पाऊस हे एक कारण, आणि खरं कारण लाकूड. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे ती ८० च्या वर असते. वरचं लाकूड पाणी पिऊन फुगतं, तारा बसतात तो पूल (ब्रिज) वर उचलला जातो, तारा पडद्यांपासून लांब जातात आणि आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो. गिटार भिंतीवर न टांगता तिच्या केसमध्ये ठेवा, आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणि आर्द्रता आवरणारी पाकिटं. मानेचा बाक असा तपासा: सहावी तार पहिल्या पडद्यावर आणि मान पेटीला मिळते त्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. सातव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे पाव मिलिमीटर. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली सळई) एका वेळी पाव वेढ्याहून जास्त फिरवू नका, आणि हात कापत असेल तर कारागिराकडे न्या. बाराव्या पडद्यावर सहाव्या तारेची उंची २.४ मिमी, पहिलीची १.८ च्या आसपास असली की बहुतेकांना पुरते. तारा फॉस्फर ब्राँझच्या, १२ ते ५३ जाडीच्या. आपल्या खाऱ्या हवेत आणि घामात बिनलेपाच्या तारा दोन-तीन आठवड्यांत मरतात. सेशनच्या आदल्या दिवशी बदला, त्याच दिवशी बदललेल्या तारा दर दोन मिनिटांनी उतरतात.

माईक शेवटी आला, तो असा. पेन्सिलच्या आकाराचा, आतला डायफ्रॅम छोटा असलेला कंडेन्सर, परवडेल तो. बाराव्या पडद्यासमोर, २५ ते ३० सेंटिमीटरवर, तोंड किंचित पेटीकडे वळवलेलं. आवाजाच्या भोकासमोर कधीच नाही, तिथून फक्त हवेचे धक्के येतात. जवळ नेला तर तळ फुगतो, लांब नेला तर खोली शिरते. रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत जोराचा फटका उणे १० ते १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. दोन माईक लावायची घाई करू नका, तुमच्या खोलीत एक माईक नीट लागला की मगच. विकत घेण्याआधी एक दिवस भाड्यानं आणा आणि वरची खुर्चीची चाचणी दोन्ही माईकवर करा. फरक ऐकू आला नाही तर पैसे वाचले.

टेक घेताना वादकाला खुर्चीत बसवा आणि प्रोड्यूसरला त्या दिवशी सुट्टी द्या. म्हणजे पट्टी, लय, किती कडवी, कुठे थांबायचं, हे सगळं आदल्या आठवड्यात मोबाईलवर एका दमात वाजवून ठरवून झालेलं असावं. सेशनमध्ये चाल बदलायची नाही. तीन पूर्ण टेक, मग दहा मिनिटं पंखा. सहाव्या टेकनंतर बोटं मऊ पडतात, लय मागे सरकते, आणि आपल्याला मात्र वाटतं की आता कुठे रंग भरतोय. थांबा. निवड दुसऱ्या दिवशी करा, वही घेऊन, मिनिट-सेकंद लिहीत. दोन टेक जोडायचे तर तारेवर फटका पडण्याच्या ५ ते १० मिलिसेकंद आधी कापा, आणि दोन्ही टेकमध्ये आधीची कॉर्ड तीच घुमत असेल अशाच जागी. नाहीतर मागच्या सुराची शेपटी तुटते आणि ऐकणाऱ्याला कारण न कळता खटकतं.

चालींबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की गायिका म्हणते ‘गिटार चढी वाटते’ आणि ट्यूनर म्हणतो बरोबर आहे. दोघंही बरोबर आहेत. पडद्यांच्या वाद्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यात शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर बसतो, म्हणजे एका अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. तंबोऱ्यावर तयार झालेल्या गळ्याला तो टोचतो. तिच्या लांब गंधाराखाली पूर्ण मेजर कॉर्ड लांबवू नका. सा आणि प ठेवा, फार तर म चा स्पर्श. यासाठी डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग फार सोयीचं आहे. डी ला सा धरलंत तर मोकळ्या तारा सा-प-सा-म-प-सा अशा वाजतात, गंधार कुठेच नाही, तो गायिकेसाठी मोकळा. तिची पट्टी काळी चार असेल आणि नेहमीचंच ट्यूनिंग ठेवायचं असेल तर चौथ्या पडद्यावर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ई चे आकार वाजवा. सहावी आणि पहिली तार सा, दुसरी पंचम, साथ आपोआप तंबोऱ्यासारखी मागे राहते. पहिल्या पडद्यावर कापो आणि जी चे आकार, हाही मार्ग आहे, तो जास्त भरीव वाजतो. कापो लावल्यावर पुन्हा ट्यून करा, तो तारा थोड्या चढवतोच.

आता अंधेरीचा कागद. इथे ‘प्रोड्यूसर’ या शब्दानं बराच घोळ घातलाय. मुंबईत म्युझिक प्रोड्यूसर म्हणजे वाद्यं बसवणारा, प्रोग्रॅमिंग करणारा, मिक्सपर्यंत नेणारा. पूर्वी यातलं बरंचसं काम संगीत संयोजक करायचे; अनिल मोहिले हे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. कॉपीराइट कायदा मात्र ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणतो तो पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याला. म्हणजे तुम्ही दोन महिने बसून गाणं घडवलंत, पण काढायचं ठरवलं आणि खर्च केला दुसऱ्यानं, तर मास्टर, म्हणजे अंतिम ध्वनिमुद्रण, सहसा त्याचं. लेखी वेगळं ठरलं असेल तरच तुमचं. ॲकरमनचं उदाहरण तुम्ही दिलंत, त्यातला महत्त्वाचा भाग हाच आहे. त्यानं १९७६ मध्ये ॲन रॉबिन्सनबरोबर कॅलिफोर्नियात विंडहॅम हिल ही स्वतःची कंपनी काढली आणि स्वतःची गिटार तिच्यातून आणली. जॉर्ज विन्स्टन, मायकेल हेजेस नंतर तिथेच आले. वादक आणि निर्माता ही दोन नावं त्याच्याकडे कागदावरही एकत्र होती.

चाल, शब्द आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालमत्ता. चालीचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. ‘वन टाइम’ म्हणजे समोरच्याला बहुतेक वेळा चाल आणि मास्टर दोन्ही कायमचं हवं असतं. पण कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चालीच्या रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्ही सोडूच शकत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. सिनेमाचं गाणं असेल तर थिएटरात सिनेमाबरोबर वाजण्याचा अपवाद आहे, सिनेमाबाहेरच्या गाण्याला तोही नाही. म्हणून कागदात ‘रॉयल्टीसह सर्व हक्क’ असं वाक्य असेल तर ते खोडायला सांगा. माणूस सरळ असेल तर खोडेल.

आणखी दोन गोष्टी बघा. याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखीच लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर वापरला नाही तर तो परत येतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणूनच तयार करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असं छापलेलं असतं. मंगळावर तुमची चाल वाजली तरी सोय आहे. माझा सल्ला: एक चाल द्या, एक ठेवा. दिलेल्या चालीला मुदत घाला, नाव कुठे आणि कोणत्या स्पेलिंगनं येणार ते लिहून घ्या, आणि गिटार तुम्हीच वाजवणार असाल तर वादनाची फी वेगळ्या ओळीत मागा. सही करण्याआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. त्याची फी त्या पेमेंटमधूनच जाऊ दे.

एखादं गाणं बाहेर आलं की आयपीआरएसचे सभासद व्हा. ही १९६९ पासूनची, मुंबईतलीच संस्था, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. वाजवणाऱ्याचा हक्क वेगळा असतो. त्यासाठी गायकांची इस्रा ही संस्था २०१३ मध्ये नोंदली गेली, ती आता वादकांनाही घेते आणि तिचं नाव इसामरा आहे. स्वतः गाणं प्रकाशित करताना प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक लागतो, गाणं स्ट्रीमिंगवर पोहोचवणाऱ्या वितरकाकडून मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. नंतर वितरक बदललात आणि नवा क्रमांक घेतलात तर जुने आकडे तुटतात. मास्टर करताना आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा सरासरी जोर मोजायच्या एककाच्या) फार वर रेटू नका. स्ट्रीमिंगवाले तो खाली आणतातच, आणि एकट्या गिटारीचा जीव त्यात जातो.

नोकरीचं उत्तर थोडक्यात देतो, कारण ते तुमच्या घरावर, हप्त्यांवर आणि घरात आणखी कुणी कमावतंय का यावर आहे. या धंद्यात बिल दिल्यावर ९० दिवसांनी पैसे येणं ही रीत मानली जाते. वर १० टक्के टीडीएस कापून येतो, तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो. त्यामुळे महिन्याच्या खर्चाच्या सहापट रक्कम बाजूला आणि सलग वर्षभर नोकरीबाहेरून येणारा नियमित पैसा, हे दोन्ही नसताना राजीनामा देऊ नका. नियमित पैसा अल्बममधून येत नाही. तो येतो नाटकाच्या पार्श्वसंगीतातून, जाहिरातीतून, दुसऱ्याच्या गाण्यावर गिटार वाजवून, शिकवण्यातून. यातलं निम्मं काम रात्री आणि शनिवार-रविवारी करता येतं, तुमच्याच त्या खोलीत.

आज रात्री खुर्चीची ती चाचणी करा. खोलीची लांबी, रुंदी, उंची, खिडकी आणि कपाट कुठे आहे, आणि कुठला स्वर फुगतो, एवढं इथे लिहिलंत तर खुर्ची कुठे टाकायची ते नेमकं सांगता येईल.